शेपटी मोडलेली अळंबी

हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा अळंबीची भाजी असते. वाढपी माझ्या पानाजवळ आला की मी हात आडवा धरतो, आणि शेजारी बसलेलं कोणीतरी हमखास सांगतं, "मास्तर अळंबी खात नाहीत. त्यांच्या मित्राला एकदा बाधली होती." मी मान हलवतो. कितीतरी वर्षं मी ही मान हलवत आलोय. ते सांगतात त्यात खोटं काही नाही — मित्राला बाधली होती, हे अगदी खरं. पण त्याच्या मागे जे आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्या दोघांना सांगायलाच हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर तसं काही होत नाहीये.

कुठून सुरुवात करू? शर्यतीपासून करतो. ती निदान सरळ रस्त्यावरून होती.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी रत्नागिरीत प्राथमिक शाळेत मास्तर होतो, वय तेवीस. हसन माझ्याच शाळेत, शेजारच्या वर्गावर. त्याचं घर खाडीकाठी. बाप बोटीवर, दोन्ही चुलते बोटीवर, आणि तोही दिवाळीनंतर बोटीवरच जायचा होता, कागदपत्रं तयार होऊन पडली होती. मास्तरकी म्हणजे त्याला मधला वेळ घालवायचं साधन होतं. आम्हा दोघांना धावण्याचा नाद. रोज सकाळी भाट्याच्या पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूतून, आम्ही धावायचो. तो पुढे, मी मागे — हे रोजचं. आणि रोज एका ठरावीक जागी, सुरूच्या झाडांच्या अलीकडे, तो मागे वळून बघायचा आणि वेग कमी करायचा. माझ्यासाठी. मी बरोबरीला आलो की हसायचा आणि मग आम्ही शेवटपर्यंत जोडीने जायचो.

आता मला सांगा, यात राग येण्यासारखं काय आहे? एक चांगला माणूस मित्रासाठी थांबतो. पण ते वळून बघणं मला झोंबायचं. पुढे निघून गेला असता तर चाललं असतं. मी हे त्याला कधी बोललो नाही. तेव्हा मलाही ते इतकं स्वच्छ कळत नव्हतं. की कळत होतं?

तर देवरूखला शर्यत होती. तिथल्या एका तालमीने ठेवली होती. बाजारपेठेतून निघायचं, घाटाच्या वाटेवर एका पुलापर्यंत जायचं, आणि परत. रविवारी सकाळी. हसन म्हणाला, बोटीवर जाण्याआधीची ही माझी शेवटची शर्यत, पुढे कुठे धावणार, डेकवर? आम्ही शुक्रवार दुपारची आणि शनिवारची रजा टाकली. शुक्रवारी तो जुम्याचा नमाज आटोपून थेट एस.टी. स्टँडवर आला, आणि संध्याकाळी आम्ही माझ्या आत्याकडे पोचलो.

ही गंगूआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. देवरूखपासून तासाभराच्या चालीवर डोंगरात एक वाडी आहे, तिथे एकटी राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक गाय आणि दोन वाफे. पण वाडीत तिला मान होता, आणि तो कशामुळे हे मला नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. पावसाळ्यात बायका रानभाजी काढून आणत, ती आधी आत्याच्या पडवीत आणून ठेवत. ती एकेक पान उलटून बघायची. हे ठेव, हे टाक. ही भारंगी, ही नव्हे. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय वाडीत रानातलं काही चुलीवर चढत नसे. आणि अळंबीच्या बाबतीत तर ती म्हणेल ते शेवटचं. वाडीतल्या एकाही माणसाला कधी साधं पोटात दुखलं नव्हतं. ना जमीन, ना मुलगा, अशा बाईला दुसरा कुठला मान मिळणार होता?

अळंबीचं आमच्याकडे शास्त्र असतं. प्रत्येक घराचं आपलं वारूळ ठरलेलं, श्रावणात त्याच दिवसांत त्याच जागी ती वर येतात, आणि ती जागा कोणी कोणाला सांगत नाही. बोट दाखवायचं नाही. दाखवलं तर पुढच्या वर्षी येत नाहीत म्हणतात. पण सगळ्यात मोठा नियम शेपटीचा. वारुळावरचं अळंबं आतून, खोलवरून आलेलं असतं. हलक्या हाताने काढलं तर त्याच्याखाली वीतभर लांब मूळ निघतं. आत्या त्याला शेपटी म्हणायची. उकिरड्यावर, कुजक्या पेंढ्यावर दुसरी उगवतात, तीही अशीच पांढरी, उलट जास्त टपोरी. त्यांना शेपटी नसते. म्हणून अळंबी घरी आणायची ती शेपटीसकट, चिखलासकट. साफसूफ करून आणलेलं अळंबं आत्या उंबऱ्याच्या आतसुद्धा घेत नसे. हे मला वयाच्या पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा.

एस.टी.त मी हसनला बढाया मारल्या होत्या. आमच्याकडे टोपल्या भरतात, तू खाडीकाठचा माणूस, तुला मासळीपलीकडे काय माहीत, वगैरे. शनिवारी सकाळी आत्या आम्हाला राईमागच्या वारुळावर घेऊन गेली. पाऊस उघडून ऊन पडलं होतं. अळंबी निघाली पंधरा-सोळा. बाकीच्या नुसत्या कळ्या, त्या आत्याने पानांनी झाकून ठेवल्या, परवासाठी. हसन गुडघ्यांवर बसून एकेक काढत होता. पहिलं शेपटीसकट अख्खं निघालं तेव्हा त्याने ते उंच धरून इतका आनंद केला की आत्या पदर तोंडाला लावून हसली. "तुज्यापेक्षा ह्याचा हात हलका हाय रे," ती मला म्हणाली.

हेही मला लागलं. इतकं क्षुल्लक, पण लागलं.

गाईला सोडायचं म्हणून आत्या पुढे गेली. जाताना सांगून गेली, अजून दोन-चार मिळाली तर बघा, पण वारुळावरचीच. हसन पाय धुवायला वहाळावर उतरला. मी टोपली घेऊन शेताच्या बांधाने निघालो. तिथे जुन्या पेंढ्याचा ढीग कुजत पडला होता, आणि त्याच्या कडेला गवतात होती — दहा-बारा, पांढरीशुभ्र, माझ्या तळहाताएवढी. मी एक ओढलं. ते सहज हातात आलं. खाली काही नव्हतं. नुसता गोल बुंधा.

इथे मला थांबावंसं वाटतं. कितीतरी वेळा मी या जागी येऊन थांबलोय. तिथे उभा असताना माझ्या मनात काय होतं? टोपली भरलेली दिसावी, एवढंच? आत्या उगाच बाऊ करते, असं मास्तर झालेल्या शहाण्याला वाटलं? की खालून वहाळावरून हसनचं गाणं ऐकू येत होतं आणि उद्याची शर्यत माझ्या डोक्यात होती? मी शपथेवर सांगायला बसलो तरी मला सांगता येणार नाही. कधी वाटतं, नुसती बढाई होती. कधी वाटतं, नाही, तू पुरता ओळखून होतास. मन उलटंपालटं करून बघतो आणि दर वेळी वेगळंच काही हाती लागतं.

पण हातांनी काय केलं ते मला पक्कं माहीत आहे. मी ती सगळी काढली, आणि एकेकाचा बुंधा मोडून गवतात फेकला. मग आमच्या चांगल्या अळंबींपैकी चार-पाचांच्याही शेपट्या मोडल्या, म्हणजे मोडकी सगळी सारखी दिसावीत. ज्याच्या मनात काही नाही तो असं करतो का? मोडलेल्या शेपट्या मी पायाने चिखलात दाबल्या.

पडवीत आत्याने टोपली सुपात ओतली आणि तिचा हात थांबला.

"ही मोडली कशी रे?"

"काढताना मोडली, आत्ये. घाई झाली."

तिने मोडकी बाजूला काढायला घेतली. खरंच घेतली होती — सात-आठ तिच्या ओंजळीत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. भावाचा मुलगा, मास्तर, पाहुण्याला घेऊन आलेला. "वारुळावरचीच ना? मग ऱ्हावंदेत," म्हणाली, आणि ओंजळ परत सुपात सोडली. आयुष्यभराचा नियम तिने एकदाच मोडला, आणि तो माझ्या शब्दावर.

दुपारी ओलं खोबरं वाटून तिने भाजी केली, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. तिचा श्रावणी शनिवार होता, ती दिवस मावळल्यावर खाणार होती. हसनने दोनदा भाजी मागून घेतली. मी म्हणालो, शर्यतीच्या आदल्या दिवशी मी जड खात नाही. असं मी त्याआधी कधीच म्हटलं नव्हतं; शर्यतीच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी हलवा मासळीच्या तळलेल्या तुकड्या खाल्लेल्या होत्या. मी दहीभात घेतला. आत्याने आग्रह केला म्हणून भाजीचा एक तुकडा तोंडात घातला. तो वारुळावरचा होता की पेंढ्याकडचा, काय ठाऊक. गिळला. बास, तेवढाच.

दोन तासांत हसन पडवीच्या कडेला ओणवा झाला. मग उलट्या थांबेनात. पोटात पीळ, हातपाय गार, ओठ पांढरे. वाडीतल्या चौघांनी डोली केली आणि त्याला देवरूखला डॉक्टरकडे खाली नेलं. पाऊस परत सुरू झाला होता. आत्या उपाशीपोटी, अनवाणी, डोलीच्या बाजूने जवळजवळ पळत होती. आपलं इरलं तिने हसनच्या तोंडावर धरलं होतं आणि स्वतः भिजत होती. मी मागून चालत होतो. तो मरेल का, एवढाच विचार होता. नाही, हेही अर्धंच खरं. तो मेला तर माझं काय होईल, हाही होता.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मी घातली अळंबी. माज्या हातची." चारही डोलीवाले दारात उभे होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी खोलीत होतो, डॉक्टरांपासून दोन हातांवर. बोलायला किती वेळ लागला असता? मी हसनचा पाय धरून उभा राहिलो, जणू काही पाय धरणं हेच माझं काम होतं.

अंधार पडेपर्यंत हसनला उतार पडला. जिवावरचं टळलं, डॉक्टर म्हणाले, पण तीन-चार दिवस उठायचं नाही. मग आत्या मला ओसरीवर घेऊन आली. तिचं लुगडं अजून ओलं होतं. तिने हळूच विचारलं, रागाने नाही, जसं कोणी हरवलेली वस्तू विचारतं तसं:

"ती मोडकी... वारुळावरचीच ना रे?"

आणि मी म्हणालो, "होय आत्ये."

हे आहे ते. अळंबींचं मी अजूनही तुमच्याशी वाद घालू शकेन — हेतू होता, नव्हता, पोरबुद्धी, बढाई. पण हा "होय" मी शुद्धीवर असताना, पूर्ण समजून म्हटला. हसन वाचला होता, आता खरं सांगून फक्त माझी लाज गेली असती. तिने मान हलवली. मग म्हणाली, "म्हंजे माजाच डोळा चुकला."

रविवारी मी धावलो. हो, धावलो. हसननेच खाटेवरून सांगितलं, जा, नाहीतर एवढ्या लांब आलो कशाला. घाटाच्या वाटेवर माझ्या पुढे कोणी नव्हतं, म्हणून मागे वळून बघणारंही कोणी नव्हतं. मी पहिला आलो. दोरी छातीला लागली तेव्हा आनंद झाला का? झाला. दोन-तीन श्वासांपुरता, पण झाला, आणि तो मी विसरू शकलेलो नाही. बक्षीस म्हणून पितळेचा तांब्या मिळाला. तो मी आत्याला दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर वाडीत तिला कोणी वाईट बोललं, असं झालं नाही. फक्त टोपल्या यायच्या बंद झाल्या. पुढच्या पावसाळ्यात बायका रानातून परस्पर आपापल्या घरी जाऊ लागल्या. "आतेची नजर गेली आता," एवढंच म्हणायचे, आणि तेही कळवळ्याने. ती राईमागच्या वारुळावर परत गेली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, नको रे, कोणाचं तरी वाईट व्हायचं.

हसन ठरल्याप्रमाणे बोटीवर गेला. रजेवर आला की मला भेटायचा, आणि दर वेळी आत्यासाठी खजुराचा पुडा द्यायचा. "तुझ्या आत्याला सांग," म्हणायचा, "माझ्या मनात काही नाही. माणसाकडून चूक होते. तिने माझ्यासाठी पावसात किती पायपीट केली, ते मी विसरलो नाही." तो पुडा मी वाडीला पोचवायचो. तो निरोपही. शब्दन् शब्द. आत्या पुडा देवापुढे ठेवायची आणि डोळे पुसायची — पोरगा देवमाणूस रे, म्हणायची, मला माफ केलंन. माझ्या चुकीची माफी मी तिच्या दारात नेऊन पोचती करत होतो, आणि ती डोळे पुसत घेत होती. असं तीन वेळा झालं. तीनही वेळा मी चहा पिऊन परत आलो. तुम्हाला हे वाचताना माझा राग येतो आहे का? मला तेव्हा काय येत होतं तेच मला समजत नाही. राग नव्हता, रडू नव्हतं. डोक्यात नुसता गोंधळ, आणि एस.टी. चुकेल ही घाई.

आत्या कधीच गेली; हसन जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खाडीकाठच्या कबरस्तानात मीही तीन मुठी माती टाकली. त्याच्या मुलाने मला मिठी मारली आणि म्हणाला, अब्बा तुमच्या आत्यांची फार आठवण काढायचे.

एक राहिलं. खरं म्हणजे हे सांगायलाच मी बसलो होतो, बाकीचं त्याच्यासाठी सांगावं लागलं.

त्या शर्यतीनंतर तीन-चार वर्षांनी मी आषाढात वाडीला गेलो होतो. दुपारी आत्या परसात गेली आणि मूठभर टाकळा घेऊन आली. टाकळा तुम्हाला माहीत असेल. पावसात तो दारात, वाटेवर, पायरीच्या फटीतसुद्धा उगवतो. रांगतं पोरही ओळखेल. ती पडवीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"बग रे," म्हणाली, "टाकळाच ना हा?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. मी हसलो. ती हसली नाही. हात तसाच धरून ती वाट बघत राहिली, जशा पूर्वी बायका टोपल्या घेऊन तिच्यापुढे उभ्या राहायच्या. मी एक डहाळी घेतली, पान उलटून बघितलं, दोन्ही बाजूंनी. त्या वेळी घरात आम्ही दोघंच होतो. बाहेर कोणी नव्हतं, कसली घाई नव्हती. एक वाक्य होतं, ते माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं.

"होय आत्ये," मी म्हणालो, "टाकळाच आहे."

"मग करते भाजी," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ती आत जाऊन चूल पेटवू लागली.

ती भाजी मी दोनदा मागून घेतली.